माप

ब्लँटायरच्या मोठ्या दवाखान्यासमोर,
जकरांडाखाली,
मी टायर कापून वहाणा करतो.
लॉरीचा टायर बरा, बसचा त्याहून बरा.
सिमेंटच्या पिशवीचा कागद पसरायचा,
गिऱ्हाइकानं त्यावर पाय ठेवायचा,
मी पेन्सिल फिरवायची.
बोटांच्या बेचक्यात पेन्सिल शिरली की सगळे हसतात.
मंत्र्याचा ड्रायव्हर हसला होता. एक पाद्रीसुद्धा.

पूर्वी म्हातारे यायचे, शिरे नदीच्या खालच्या अंगाचे.
पावलावर गाठी, वांग्याच्या सालीसारख्या
जांभळ्या-काळ्या, चकचकीत.
दहा वर्षं तीच गाठ, तेच माप.
"आहे, असू दे," म्हणायचे,
शेजाऱ्याच्या कुत्र्याबद्दल बोलावं तसं.
मी पट्टा जरा सैल ठेवायचो.

मग तरुण यायला लागले.
साखरेच्या गोदामातला कारकून,
लिंब्याच्या मिनीबसवरचा पोरगा,
लग्नाला वर्ष न झालेली शाळामास्तरीण.
गाठ या महिन्यात घोट्यावर,
पुढच्या महिन्यात मांडीवर, टाळूवर, पापणीच्या कडेला.
अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात.
इथं पायच पसरत होता,
अंथरूण बिचारं काय करणार.

फनुएल, माझा धाकटा भाऊ.
उजवा पाय सात नंबर.
डाव्याला एक कागद पुरला नाही, दुसरा जोडला.
बोटांमधून पेन्सिल फिरवली.
तो माझ्याकडे नुसता बघत राहिला.
कातडी लाकडासारखी झालेली,
पेन्सिल कळलीच नाही तिला.
आई म्हणाली, करणी. मामा म्हणाला, शहर.
मी काहीच म्हणालो नाही.
गुरुवारी वहाण तयार झाली.
बुधवारीच तिची गरज संपली होती.

पुढं कैक वर्षांनी
सिस्टर नामालोम्बा तुटलेला बूट घेऊन आल्या,
एका पायावर उभ्या राहून त्यांनी सांगितलं:
विषाणू एक नाही, दोन.
एक जुना. लाळेतून येतो, बहुतेकदा लहानपणीच,
कित्येकांच्या अंगात जन्मभर गप्प पडून राहतो.
दुसरा एचआयव्ही. तो राखणदारांनाच संपवतो,
मग पहिल्याला रान मोकळं.
मी म्हणालो, म्हणजे काटा टायरमध्ये आधीपासूनच रुतलेला,
टायर झिजला की टोचतो.
त्या बूट चढवता चढवता थांबल्या.
"हो. म्हणून नुसता काटा उपटून भागत नाही.
टायरही सांभाळायला लागतो."
त्या दिवशी मी त्यांच्याकडून शिलाईचे पैसे घेतले नाहीत.
फनुएलचा जोडलेला कागद काढला, पाहिला,
परत घडी घालून ठेवला.

एलुबी. सुकी मासळी विकते.
उजवी वहाण पाच नंबर, डावी अकरा.
"जोडीचेच पैसे देईन हं, टायर जास्त लागला तरी."
रोज रात्री गोळी,
एकाआड एक मंगळवारी सुई.
मग ती यायची, पाय पुढे करायची,
मी पट्ट्याला आणखी एक भोक पाडायचो.
सहा भोकं झाली.
सातव्याला मी म्हणालो, आता नवीनच कर.
जुनी तिनं खिळ्यावर टांगून ठेवली:
"घे. कुणाला तरी होईल."
मला ते वाक्य आवडलं नाही.

सगळ्यांची भोकं वाढत नाहीत.
लॅमेकच्या पट्ट्याला एकच होतं,
तो नेमानं गोळ्या घेत होता तरी.

आज एक पोरगा आला, तोंडावर मिसरूडही धड नाही.
एका पायात बूट, दुसरा बूट हातात.
घोट्याजवळ तीन डाग.
मुंगी चावली, म्हणतो.
फाटकाकडे पाठ करून बसला.
आत जाऊन आलास? विचारलं.
खिळ्यावरच्या वहाणेकडे बघत म्हणाला,
ही होईल का मला?

मी ती उतरवली नाही.
कागद पसरला. पाय ठेव म्हणालो.
टाच, कड, करंगळी,
पेन्सिल बेचक्यात शिरली
आणि त्यानं पाय झटकन मागं घेतला,
हसला.

ऊठ, म्हणालो. दुकान उघडंच राहू दे.
चल, मी येतो बरोबर.